भांड्याला पाठ नसते

२०१४च्या एप्रिलमध्ये हाँगकाँगला सदबीजच्या लिलावात एक कप विकला गेला. तोंडाशी जेमतेम आठ सेंटीमीटर रुंद, म्हणजे मुठीत मावेल एवढा. कान नाही. बाहेरच्या अंगाला कोंबडा, कोंबडी आणि त्यांची पिल्लं रंगवलेली. किंमत आली २८ कोटी १२ लाख ४० हजार हाँगकाँग डॉलर, त्या वेळच्या हिशेबानं दोनशे कोटी रुपयांच्या वर. घेणारे होते शांघायचे अब्जाधीश ल्यू यिचियान. तरुणपणी हे गृहस्थ टॅक्सी चालवायचे. काही महिन्यांनी ते कप ताब्यात घ्यायला गेले, क्रेडिट कार्ड चोवीस वेळा घासून पैसे भरले, आणि पाचशे वर्षांहून जुन्या त्या कपात चहा ओतून प्यायले.

चहा पितानाचा फोटो चिनी सोशल मीडियावर फिरला आणि लोक तुटून पडले. पैशाचा माज, संस्कृतीची विटंबना, या नवश्रीमंतांना वस्तूची किंमत कळते पण मोल कळत नाही, वगैरे. ल्यूंचं उत्तर साधारण असं होतं, की सम्राट चियानलुंगनं हा कप वापरला होता, आता मी वापरला, कसं वाटतं ते बघायचं होतं.

या भांडणात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो पैशाचा नाही. जुनं, नक्षीदार चिनी भांडं ‘नीट बघणं’ म्हणजे नेमकं काय करणं? ते काचेच्या कपाटात ठेवून दोन फुटांवरून न्याहाळणं? स्क्रीनवर दोन बोटांनी झूम करणं? की ते उचलून, फिरवून, ओठाला लावणं? ल्यूंना शिव्या घालणाऱ्यांनी धरून चाललं होतं, की पहिला प्रकार सभ्य आणि शेवटचा रानटी. मला ते इतकं सरळ वाटत नाही. या भांड्यांवरची नक्षी ज्या पद्धतीनं वाचली जावी म्हणून काढली गेली, त्या पद्धतीनं आज ती जवळजवळ कुणीच वाचत नाही. आणि तरीही आपण त्यांच्याबद्दल ‘सुंदर’, ‘भडक’, ‘अभिजात’ असे निवाडे बिनधास्त देत असतो.

तोंड, गळा, पोट, बूड

आधी एका शब्दाबद्दल. मराठीत लोणच्याची बरणी, कपबशी, बाथरूमचं बेसिन, फरशी हे सगळं ‘चिनीमाती’. त्यातल्या बहुतेक वस्तूंचा चीनशी काही संबंध नसतो. इथे आपण बोलतोय ते पोर्सेलीनबद्दल: केओलिन नावाची पांढरी माती आणि एक विशिष्ट दगडाची पूड एकत्र मळून, सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजलेलं पांढरंशुभ्र, टणक, टिचकी मारली की खणखणणारं भांडं. केओलिन हा शब्दच गावलिंग या जागेच्या नावावरून आला, आणि ती जागा जिंगदेझेनच्या जवळ. चीनच्या जियांगशी प्रांतातल्या या एका गावानं शतकानुशतकं राजवाड्याला, देवळांना आणि निम्म्या जगाला भांडी पुरवली. या लेखातली तिन्ही भांडी तिथलीच.

मराठीत भांड्याच्या भागांना शरीराची नावं आहेत. तोंड, गळा, पोट, बूड, कपाला कान. पण भांड्याची ‘पाठ’ असं कुणी म्हणत नाही. भाषेनं हे बरोबर हेरलंय. चाकावर गरगर फिरत आकाराला आलेल्या वस्तूला पुढची आणि मागची बाजू नसते. कागदावर चित्र काढणाऱ्याला डावी कड असते, उजवी कड असते, चित्र कुठेतरी सुरू होतं आणि कुठेतरी संपतं. भांड्यावर काढणाऱ्याला यातलं काहीच नसतं. त्याची वेल जिथून निघाली तिथेच परत येते, आणि सांधा दिसला तर ते काम फसलं.

मग फोटो येतो. फोटोला पुढची बाजू लागतेच. लिलावाच्या कॅटलॉगला लागते, म्युझियमच्या पोस्टकार्डला लागते, इन्स्टाग्रामला तर लागतेच लागते. कुणीतरी ठरवतं की ‘हा’ कोन चांगला, आणि मग तेच भांडं जगभर त्याच कोनातून ओळखलं जातं. भांड्याला चेहरा मिळतो आणि उरलेलं सगळं त्याची पाठ होऊन बसतं.

कोंबड्या बघायला कप फिरवावा लागतो

ल्यूंचा कप मिंग घराण्याच्या चेंगह्वा काळातला, म्हणजे १४६५ ते १४८७ मधला. अशा ‘कोंबडी कपां’पैकी आज वीसपेक्षा कमी ठाऊक आहेत आणि त्यातले बहुतेक म्युझियममध्ये आहेत. किंमत आजच वाढली असं नाही. मिंग काळातच, वानली सम्राटाच्या दरबारी असलेल्या अशा एका जोडीची किंमत एक लाख नाणी असल्याची जुनी नोंद सांगितली जाते.

रंगकामाच्या या पद्धतीला ‘दोउत्साय’ म्हणतात. तिचा अर्थ कुणी ‘जुळणारे रंग’ करतं, कुणी ‘झुंजणारे रंग’. आधी कच्च्या भांड्यावर कोबाल्टच्या निळ्यानं बारीक बाह्यरेषा काढायच्या, वर झिलई द्यायची, कडक आचेत भाजायचं. भांडं थंड झाल्यावर झिलईखाली निळी रेषा कायमची बंद झालेली असते. मग त्या रेषांच्या आत, झिलईच्या वर, लाल, पिवळा, हिरवा असे काचेसारखे रंग भरायचे आणि पुन्हा, या वेळी कमी आचेत, भाजायचं. म्हणजे एकाच कोंबड्याची रेषा झिलईच्या खाली आणि रंग झिलईच्या वर. दोघांच्या मध्ये काचेचा पातळ थर. प्रत्यक्ष वस्तूवर उजेड तिरपा पडला की हे दोन थर डोळ्याला जाणवतात. फोटोत ते एकाच पातळीवर येऊन चिकटतात, रंगवलेल्या पुस्तकातल्या चित्रासारखे.

आता कप फिरवू. कोंबडीनं खाली वाकून किडा टिपलाय, पिल्लं तिच्याभोवती. कोंबडा दिमाखात. थोडं फिरवलं की निळा खडक आणि त्याच्या अंगानं फुलं. कोंबड्यांचं कुटुंब दिसेनासं होतं. आणखी फिरवलं की कोंबडा-कोंबडी परत हजर, पण वेगळ्या पवित्र्यात. हे दुसरं कुटुंब आहे, की तेच कुटुंब दोन मिनिटांनंतर? कप याचं उत्तर देत नाही. मधला खडक सिनेमातल्या कटसारखा आहे: त्याच्याआड वेळ गेला असेल किंवा जागा बदलली असेल. ही गंमत पूर्णपणे फिरवण्यावर अवलंबून आहे. एकाच वेळी दोन्ही दृश्यं दिसली असती, तर ती नुसती दोन चित्रं झाली असती.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. हा कप आतून कोरा आहे. पिणाऱ्याला पिताना दिसतो तो पांढरा काठ आणि आतलं मद्य. कोंबड्या दिसतात समोर बसलेल्याला. आणि शेवटचा घोट घेताना कप कलंडला की समोरच्याला दिसतं बूड, ज्यावर निळ्या चौकटीत सहा अक्षरं आहेत: महान मिंग, चेंगह्वाच्या काळात बनवलेलं. म्हणजे हे चित्र दोन माणसांमध्ये घडतं. एक पितो, दुसरा बघतो, मग अदलाबदल. एकट्यानं काचेसमोर उभं राहून बघण्याच्या रीतीत हा दुसरा माणूसच गायब होतो.

या दृष्टीनं बघितलं तर ल्यूंचा चहा म्हणजे मला अपमान वाटत नाही. त्या कपाला बऱ्याच काळानं मिळालेला तो एक वाचक होता. पण त्यातही एक फसगत आहे, तिच्याकडे नंतर येऊ.

चित्र म्हणजे शब्द

कोंबड्याच का? चिनी भाषेत कोंबड्याला ‘जी’ म्हणतात आणि ‘शुभ’ या शब्दाचाही उच्चार जवळजवळ तसाच. चिनी नक्षीतली निम्मी चित्रं अशी आहेत: ती दिसतात एक आणि बोलतात दुसरं. वटवाघूळ ‘फू’, सौभाग्यही ‘फू’. म्हणून आपल्याला भयाण वाटणारं वटवाघूळ तिथल्या भांड्यांवर आनंदानं उडत असतं. मासा ‘यू’, आणि भरपूर असून उरणं तेही ‘यू’. तीन मेंढ्या एकत्र दिसल्या तर ते शेतीचं दृश्य नसतं. मेंढीसाठीचा ‘यांग’ हा उच्चार सूर्याचं तेज सांगणाऱ्या शब्दाचाही आहे, आणि तीन यांग म्हणजे नव्या वर्षाची शुभ सुरुवात. आपण ज्याला श्लेष म्हणतो तोच हा, फक्त डोळ्यांनी ऐकायचा.

सगळ्यात मोठा श्लेष खुद्द भांड्याचाच आहे. फुलदाणीच्या आकाराच्या भांड्याला चिनीत ‘पिंग’ म्हणतात. शांततेलाही ‘पिंग’. म्हणजे नक्षी काढायच्या आधीच, कोरं भांडंसुद्धा एक शब्द उच्चारून मोकळं झालेलं असतं. त्यावरची चित्रं त्या शब्दाला जोडून वाक्य पुरं करतात.

म्हणून ‘डेकोरेटिव्ह’ हा शब्द इथे दिशाभूल करतो. आपल्या कानाला तो ‘असलं तर बरं, नसलं तरी चालेल’ असा वाटतो. या भांड्यांवर नक्षी म्हणजे मजकूर आहे.

तारीख वाचली, प्रार्थना राहिली

हा मजकूर न वाचण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे चिनी पोर्सेलीनमधली बहुधा सगळ्यात प्रसिद्ध जोडी, ‘डेव्हिड व्हाझेस’. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये या दोन फुलदाण्या आहेत. प्रत्येकी त्रेसष्ट सेंटीमीटरच्या आसपास उंच, पांढऱ्यावर निळी नक्षी, गळ्याला हत्तीच्या डोक्यांचे कान. वरपासून खालपर्यंत पट्टेच पट्टे: फुलांची वेल, केळीसारखी उभी पानं, फिनिक्स पक्षी, कमळं, लाटा. पोटावर ड्रॅगन, भांड्याला विळखा घालून. डोकं दिसेल तिथून शेपूट दिसत नाही आणि शेपूट दिसेल तिथून डोकं. निळा रंग ज्या कोबाल्टचा, ते कोबाल्ट इराणकडून यायचं. तेव्हा चीनवर मंगोलांचं राज्य होतं.

ज्यांच्या नावानं ही जोडी ओळखली जाते ते सर पर्सिव्हल डेव्हिड मुंबईत १८९२ साली जन्मले. घराणं बगदादी ज्यूंचं. वडील सर ससून डेव्हिड हे बँक ऑफ इंडियाचे पहिले अध्यक्ष. पर्सिव्हल चिनी शिकले आणि आयुष्यभर चिनी भांडी जमवत राहिले. या दोन फुलदाण्या एकमेकींपासून तुटून वेगवेगळ्या हातांत गेल्या होत्या; त्यांनी त्या दोन वेगळ्या संग्रहांतून मिळवून पुन्हा शेजारी आणल्या. सुमारे १७०० भांड्यांचा त्यांचा संग्रह २०२४मध्ये ब्रिटिश म्युझियमला कायमचा देण्याचं जाहीर झालं. मुंबईच्या व्यापारी घराण्यांचा पैसा आणि चिनी पोर्सेलीन यांचं नातं किती जुनं आहे हे बघायला यापेक्षा ठळक उदाहरण शोधायची गरज नाही.

ही जोडी प्रसिद्ध झाली ती तिच्या गळ्यावर लिहिलेल्या साठेक अक्षरांमुळे. त्यात तारीख आहे, आपल्या हिशेबानं १३५१ सालच्या मे महिन्यातली. त्याआधी अभ्यासकांना वाटायचं की इतकं सफाईदार निळं-पांढरं काम मिंग काळातलं, म्हणजे नंतरचं असणार. या तारखेनं तो समज मोडला. पुढे १९५०च्या दशकात जॉन पोप या अमेरिकन अभ्यासकानं या जोडीचं माप लावून इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातली आणि इराणमधल्या अर्दबीलच्या दर्ग्यातली भांडी चौदाव्या शतकातली म्हणून ओळखून काढली. एका तारखेनं अख्ख्या कालखंडाचा इतिहास सरकवला. हे काम मोठं आहे, त्याबद्दल वाद नाही.

पण त्या साठ अक्षरांत तारीख हा छोटा भाग आहे. बाकीचा मजकूर असा: झांग वेनजिन नावाचा एक भक्त, तो कुठल्या गावचा ते सगळं पत्त्यासकट, एक धूपदाणी आणि फुलदाण्यांची एक जोडी असा संच देवळात अर्पण करतोय, आणि मागतोय की सगळं घरदार सुखरूप राहो, मुलामुलींना शांती लाभो. ‘शांती’साठी त्यानं वापरलेल्या शब्दात तोच ‘पिंग’ आहे. म्हणजे त्यानं ‘पिंग’ अर्पण केलं आणि ‘पिंग’ मागितलं. वस्तूनं एकदा म्हटलं, अक्षरांनी पुन्हा म्हटलं.

१३५१ हेच ते साल, ज्या साली मंगोल सत्तेविरुद्ध लाल फेटेवाल्यांचं बंड पेटलं. सतरा वर्षांत ते राज्य गेलं. झांग वेनजिन राजा नव्हता, सरदार असल्याचंही तो लिहीत नाही. मोठ्या उलथापालथीच्या तोंडावर पोराबाळांसाठी काळजी करणारा तो एक बाप होता. त्याच्या मुलांचं काय झालं हे फुलदाणी सांगत नाही. धूपदाणी आजवर सापडलेली नाही.

आपण काय केलं? त्याची तारीख ठेवून घेतली आणि प्रार्थना तळटीपेत टाकली. आणि नाव दिलं ते विकत घेणाऱ्याचं. गळ्यावर अर्पण करणाऱ्याचं नाव ठसठशीत लिहिलेलं असताना! संग्राहकाच्या जाणकारीबद्दल आदर ठेवूनही हे खटकायला हवं. तीन वस्तूंच्या संचातल्या दोन उरल्या, म्हणून आपण त्यांना ‘जोडी’ म्हणतो. झांगनं जोडी कधी दिलीच नव्हती.

एका भांड्याला बारा चेहरे

आता ज्याच्यावर हसायची चीनमध्ये पद्धतच पडलीय, त्या भांड्याकडे. चियानलुंग सम्राट १७३५ साली, पहिला बाजीराव पेशवा असताना, गादीवर आला आणि सवाई माधवरावाच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, १७९६ साली, पायउतार झाला. साठ वर्षं राज्य. कलांचा जबरदस्त शौक. जुनी चित्रं दिसली की त्यांवर शिक्के उमटवायचा, जुनी भांडी दिसली की त्यांवर स्वतःच्या कविता कोरून घ्यायचा. कोंबडी कपावरही त्यानं कविता केली आणि १७७६ साली ती नव्या कपांवर लिहवून घेतली. आजची चिनी तरुणाई त्याला शिक्के मारायचं वेड लागलेला माणूस म्हणते.

त्याच्या काळातली एक फुलदाणी बीजिंगच्या पॅलेस म्युझियममध्ये आहे. उंची ८६.४ सेंटीमीटर. तोंडापासून बुडापर्यंत पंधरा-सोळा थर, प्रत्येक थराला वेगळी झिलई किंवा वेगळं रंगकाम: जांभळं, आकाशी, फिकट हिरवं, तडकलेल्या पोताचं, निळं-पांढरं, दोउत्साय, सोनेरी. पोटावर गडद निळ्या जमिनीवर बारा चौकटी, त्यांत चित्रं. तिला ‘पोर्सेलीनची आई’ असं टोपणनाव आहे. २०१७च्या डिसेंबरमध्ये चीनच्या सरकारी वाहिनीवर राष्ट्रीय ठेव्यांबद्दलची एक मालिका सुरू झाली. तिच्या पहिल्याच भागात एक प्रहसन होतं: चियानलुंगला स्वप्न पडतं आणि त्यात जुने महान कलावंत, शिवाय साक्षात त्याचा बाप योंगझेंग, या फुलदाणीवरून त्याची खिल्ली उडवतात. बापाची आवड साधी, एकरंगी, नाजूक. पोराची म्हणजे सगळंच एकत्र. नेटवर लोकांनी त्याच्या आवडीला कृषी पर्यटन केंद्रातल्या खानावळीची उपमा दिली.

हा विनोद मजेशीर आहे, पण टीका म्हणून आळशी आहे. त्यातला डंख कशात आहे बघा: सम्राटाची आवड ‘गावठी’ निघाली यात. म्हणजे शहरी माणूस साधं, पांढरं, मोकळं निवडतो आणि गावचा माणूस रंगीबेरंगी, भरगच्च. पहिल्याला अभिरुची म्हणायचं आणि दुसऱ्याला भडकपणा. कॅफेच्या भिंतीपासून लग्नपत्रिकेपर्यंत हीच प्रतवारी आपणही करत असतो. जास्त रंग म्हणजे कमी अक्कल, हे समीकरण कुणी सिद्ध केलेलं नाही.

शिवाय ही फुलदाणी बनवणं भयंकर अवघड आहे. प्रत्येक झिलईला वेगळी आच लागते. कडक आचेच्या झिलया आणि झिलईखालचा निळा आधी, मग त्यांना धक्का न लावता कमी आचेचे रंग, शेवटी सोनं. भट्टी एकदा जरी बिघडली तरी आधीचं सगळं गेलं. जिंगदेझेनच्या सरकारी कारखान्याला त्या काळात जे जे येत होतं त्या सगळ्याची एकाच अंगावर दिलेली ही परीक्षा आहे, आणि कारागीर उत्तीर्ण झालेत.

तरीही मला ती फुलदाणी फसलेली वाटते, आणि त्याचं कारण रंग नाही. कारण आहे चौकट. पोटावरच्या बारा चित्रांपैकी प्रत्येकाला स्वतःची कड आहे. आत बघितलं तर हत्ती आहे, मेंढ्या आहेत, फिनिक्स आहे, तेच जुने श्लेष. पण प्रत्येक श्लेष आपापल्या खोलीत बंद. हत्तीपासून मेंढ्यांपर्यंत डोळा वळणावरून घसरत जात नाही. तो उडी मारतो. कोंबडी कपावरचा खडक दोन दृश्यांना जोडतो, इथली सोनेरी किनार त्यांना तोडते. ड्रॅगननं फुलदाणीला विळखा घातला होता. इथे फुलदाणीवर चित्रं टांगलीत. भांड्याला पाठ नसते हे खरं, पण इथे त्याला बारा चेहरे दिले गेलेत, आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत.

चियानलुंगनं म्हणजे भांड्याकडे आपण बघतो तसंच बघितलं. हे आहे, तेही आहे, सगळं आपल्याकडे आहे, एका नजरेत येऊ दे. फोनवर गॅलरी उघडली की दिसणाऱ्या चौकोनांसारखं. त्याला हसणाऱ्या पिढीनं हे साम्य बघायला हरकत नाही. आपणही काही बघितलं की त्यावर आपला शिक्का उमटवून पुढे जातो.

रेषा एकाची, रंग दुसऱ्याचा

या सगळ्यात बनवणारे कुठे आहेत? संग्राहकाचं नाव आहे, सम्राटाचं नाव बुडावर आहे, दात्याचं नाव गळ्यावर आहे. रंगवणाऱ्याचं नाव कुठेच नाही.

चियानलुंगच्या कारखान्याचा देखरेख अधिकारी तांग यिंग यानं १७४३ साली सम्राटाच्या हुकमावरून पोर्सेलीन बनवण्याच्या वीस चित्रांना टिपणं लिहिली. त्यात तो सांगतो, की जे रेषा काढतात ते रेषाच शिकतात, रंग भरणं शिकत नाहीत. आणि रंग भरणारे रेषा शिकत नाहीत. हेतू हा, की हात एकसारखा राहावा, काम विखुरू नये. त्याआधी १७१२ साली जिंगदेझेनमधून लिहिलेल्या पत्रात दांत्रकोल हा फ्रेंच जेझुइट पाद्री म्हणतो, की एक भांडं सत्तर हातांतून जातं असं तिथे सांगतात.

सत्तर हात. त्यामुळे ‘कलावंताला काय म्हणायचं होतं’ हा समीक्षेचा लाडका प्रश्न इथे विचारताच येत नाही. कोंबड्याची निळी रेषा एकाची, पिवळा-लाल दुसऱ्याचा, माती तिसऱ्याची, आच चौथ्याची. तरीही कोंबडी वाकते तेव्हा तिच्या मानेत जीव आहे. हे कसं घडलं हा खरा प्रश्न आहे आणि तो किमतीच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त विस्मयकारक आहे.

त्या हातांनी केलेलं बरंचसं काम राजवाड्यापर्यंत पोचलंही नाही. सरकारी भट्टीत जे थोडंही बिघडलं, ते फोडून पुरलं जायचं. सम्राटासाठी बनलेलं दुसऱ्या कुणी वापरू नये म्हणून. जिंगदेझेनच्या झूशान भागात १९८०च्या दशकात उत्खनन झालं, तेव्हा मिंग काळातल्या अशा तुकड्यांचे थरच्या थर निघाले, चेंगह्वा काळातलेही. अभ्यासकांनी तुकडे जोडून भांडी उभी केली. राजवाड्यानं नाकारलेल्या तुकड्यांनीच आज अभ्यासकांना सगळ्यात जास्त शिकवलं. कारण तुकडा हातात घेता येतो. त्याची कड बघता येते: माती किती पांढरी, झिलई किती जाड, निळा किती खोल.

मग काय, सगळ्यांनी चहा प्यायचा?

अर्थातच नाही. वीसपेक्षा कमी उरलेल्या वस्तू रोज हाताळल्या तर शंभर वर्षांनी एकही उरणार नाही. काच हवीच. म्युझियमनं ही भांडी लिलावाच्या आणि तिजोरीच्या बाहेर, कुणालाही बघता येतील अशी ठेवली, हे उपकार लहान नाहीत.

आणि ल्यूंच्या चहातली फसगत इथेच आहे. त्यांनी कप उचलला, ओठाला लावला, इथवर ते कपाचे खरे वाचक होते. पण आपल्यापर्यंत काय पोचलं? एका बाजूनं काढलेला एक फोटो. त्यात कप लहानसा आणि कप धरणारा मोठा. जे करायला कप उचलला होता, तेच फोटोनं पुसून टाकलं आणि पुन्हा एक चेहरा तेवढा उरला, या वेळी कपाचाही नाही, मालकाचा.

मुंबईत काळा घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेली चिनी भांडी आहेत. तिथे गेलात तर पाटी वाचायच्या आधी आणि फोन काढायच्या आधी एवढंच करून बघा. कपाट चारी बाजूंनी मोकळं असेल तर एक पूर्ण फेरी मारा, सावकाश. वेल कुठे सुरू झाली ते शोधा. सापडली नाही तर रंगवणाऱ्याचं काम जमलंय. प्राणी दिसला तर तो कुठल्या शब्दाच्या जागी उभा आहे ते विचारा. चौकटी असतील तर त्या जोडतात की तोडतात ते बघा. वाकून काठाच्या आत बघा, जमलं तर बुडाकडेही. आणि कपाट भिंतीला टेकलेलं असेल, म्हणजे मागची बाजू दिसायची सोयच नसेल, तर ‘सुंदर’ किंवा ‘भडक’ म्हणायच्या आधी एवढं लक्षात असू द्या, की तुम्ही आत्ता अर्धंच भांडं बघितलंय. उरलेल्या अर्ध्यावर कोंबडी कदाचित मान वर करून उभी असेल.